हरणटोळ आणि त्याचे डोळे

पावसाळा सरत आला म्हणजे बंगल्याभोंवतालचें मेंदीचें कुंपण बेसुमार वाढतें, आणि एखाद्या सकाळीं माळी कोयता घेऊन तें छाटावयास येतो. अर्धें कुंपण छाटून होतें न होतें तोंच त्याचा हात एकाएकीं थबकतो. समोर, त्याच्या छातीच्या उंचीवर, एक हिरवी डहाळी त्याच्याकडे पाहत असते! डहाळीला दोन डोळे असतात, पुढें निमुळतें नाक असतें, आणि वाऱ्याची झुळूक आली कीं ती शेजारच्या खऱ्या डहाळ्यांबरोबर डुलूं लागते. माळी दोन पावलें मागें सरतो, डाव्या हातानें आपलें कपाळ झांकतो आणि उजव्या हातांतला कोयता उगारतो. घरांतील मंडळी ओट्यावर जमतात. "टाळूवर उडतो तो, सांभाळा!" असें कोणीतरी ओरडतें, आणि कोयता खालीं येतो. असा शेवट ज्याच्या कपाळीं बहुधा लिहिलेला असतो, त्या प्राण्याचें नांव हरणटोळ. कोंकणांत, सह्याद्रीच्या रानांत, गोमंतकांत आणि देशावर जेथें जेथें झाडी टिकून आहे तेथें तो आढळतो. कोठें कोठें त्यास सर्पटोळ असेंही म्हणतात.

कपाळ झांकण्याचें कारण घरांतील वडील माणसांस विचारावें. हरणटोळ झाडावरून उडी घेतो, नेमका टाळूवर किंवा कपाळावर दंश करतो, आणि दंश झालेला मनुष्य वांचत नाहीं, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ही समजूत एकट्या महाराष्ट्राची नव्हे. तामीळ भाषेंत या सापास 'कण्‌कोत्ति पांबु', म्हणजे डोळे टोंचणारा साप, असें म्हणतात. सिंहली भाषेंतील 'अहेटुल्ला' या नांवाचा अर्थही तसाच, डोळे उपटणारा, असा आहे. मौज अशी कीं, १८०७ सालीं लिंक नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें या सापांच्या गणास नांव दिलें तें हाच सिंहली शब्द उचलून. तेव्हां लंकेंतील खेडुतांची भीति शास्त्राच्या दप्तरांतही कायमची नोंदली गेली. मल्याळी लोकांनीं मात्र शांतपणें पाहिलेलें दिसतें. ते त्यास 'पच्चिलपांबु', म्हणजे हिरव्या पानाचा साप, एवढेंच म्हणतात. मराठी नांवांत हरणही आहे आणि टोळही आहे. दोन्ही प्राणी उड्या मारण्याविषयीं प्रसिद्ध, आणि हा साप तर उडी मारीतच नाहीं! नांव ठेवणाऱ्यानें तें साप पाहून ठेवलें कीं भीति पाहून, असा प्रश्न पडतो.

प्रत्यक्ष प्राणी पाहण्यासारखा आहे. लांबी सामान्यतः साडेतीन ते पांच फूट, क्वचित् सहा फुटांपर्यंत. आणि जाडी म्हणाल तर माणसाच्या करंगळीएवढी. लांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या शेंपटीचाच असतो. रंग कोंवळ्या पानाचा, पोपटी; पोटाच्या दोन्ही कडांनीं एकेक पिवळसर रेघ गेलेली. डोकें लांबट, आणि नाकाच्या शेंड्याशीं एक मऊ, टोंकदार कोंभ पुढें आलेला असतो. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यानें १७८९ सालीं या सापाचें वर्णन केलें, तेव्हां या कोंभावरूनच त्यास 'नासूता', म्हणजे मोठ्या नाकाचा, हें विशेषण लावलें. संस्कृत 'नासा' आणि लॅटिन 'नासूस' हे शब्द एकाच घराण्यांतले. त्यामुळें हें परदेशी नांव मराठी कानास फारसें परकें वाटूं नये.

पण नाकापेक्षां अधिक नवलाची वस्तु नाकाच्या मागें आहे. दिवसां हिंडणाऱ्या बहुतेक सापांच्या डोळ्यांतील बाहुली वाटोळी असते. रात्रीं हिंडणाऱ्या पुष्कळ सापांची बाहुली मांजराच्या बाहुलीप्रमाणें उभी चीर असते. हरणटोळाची बाहुली आडवी असते, आणि ती नुसती आडवी चीरही नव्हे. जुन्या कुलपाचें किल्लीचें भोंक आडवें धरलें तर जसें दिसेल, तसा तिचा आकार असतो. त्या भोंकाचें अरुंद टोंक नाकाच्या बाजूस, बुबुळाच्या पार कडेपर्यंत गेलेलें असतें. शिवाय डोळ्यापासून नाकापर्यंत दोन्ही गालांवर एकेक खांच असते. सुतारानें पटाशीनें काढावी तशी सरळ. बाहुलीचा हा विचित्र आकार आणि गालावरची ही खांच, या दोहोंचा संबंध ध्यानांत आला म्हणजे हा साप समजला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सापाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. अंगणांतली कोंबडी दाणा टिपण्यापूर्वीं मान वांकडी करून एका डोळ्यानें तो न्याहाळते, कारण तिच्या दोन डोळ्यांस दोन दिशांचीं दोन निराळीं चित्रें दिसत असतात. बहुतेक सापांची स्थिति थोडीफार अशीच आहे. मनुष्याचे दोन्ही डोळे समोर असल्यामुळें त्याचीं दोन चित्रें एकमेकांवर येतात, आणि त्या दोहोंतील बारीकशा फरकावरून त्यास अंतराचा अंदाज होतो. याची प्रचीति पाहावयाची असेल तर एक डोळा मिटून सुईंत दोरा ओंवून पाहावा. दोरा सुईच्या अलीकडे तरी जातो, नाहींतर पलीकडे तरी. हरणटोळास हीच सुई रोज पोटासाठीं ओंवावी लागते. त्याचें भक्ष्य म्हणजे बहुधा सरडा. सरडा दोन वितींवर समोरच्या फांदीवर बसलेला, आणि मध्यें पोकळी. जमिनीवरच्या सापाची झडप चुकली तर तो भक्ष्याच्या मागें धांवूं शकतो. झाडावरच्या सापास ती सोय नाहीं. पहिली झडप चुकली कीं सरडा गेलाच म्हणून समजावें.

तेव्हां या सापास समोरचें अंतर नीट कळणें हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. परंतु त्याचे डोळे घुबडाप्रमाणें पुढें आणून बसविण्यास त्या सुईसारख्या डोक्यावर जागाच नाहीं. लाखों वर्षांच्या निवडीनें येथें निराळीच तोड काढली. डोळे होते तेथेंच राहिले. दृष्टीच्या आड येणारा गाल मात्र खांचून काढला गेला. समोरून येणारा उजेड या खांचेंतून, बंदुकीच्या नेमाच्या खोबणींतून यावा तसा, सरळ येतो, बाहुलीच्या पुढच्या अरुंद टोंकांतून आंत शिरतो, आणि डोळ्याच्या आंतील पडद्यावर, मागच्या बाजूस, एका इवल्याशा खळगींत पडतो. मनुष्याच्या डोळ्यांतही अशी एक खळगी असते. वाचतांना, सुई ओंवतांना किंवा ओळखीचा चेहरा शोधतांना मनुष्य तिच्याच बळावर पाहत असतो. माकडांस ती असते, पक्ष्यांस असते. पण सापांच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यांत ती फारच थोड्यांच्या वांट्यास आली आहे. अमेरिकन नेत्रशास्त्रज्ञ गॉर्डन वॉल्स यानें १९४२ सालीं प्राण्यांच्या डोळ्यांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हरणटोळाच्या डोळ्याची ही रचना विस्तारानें सांगितली आहे. खांच, बाहुलीचें टोंक आणि खळगी हीं तिन्हीं एका रेषेंत असतात. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीचा समोरील सुमारें ४५ अंशांचा पट्टा अशा रीतीनें एकमेकांवर येतो, आणि सापांत ही गोष्ट विरळा आहे.

हें कळलें म्हणजे त्या कुंपणांतल्या भेटीचा अर्थ निराळा लागतो. इतर साप माणसाकडे बहुधा बाजूनें पाहतात. पाहतात कीं नाहीं हेंही समजत नाहीं. हरणटोळ मात्र तोंड समोर करून दोन्ही डोळ्यांनीं, माणूस माणसाकडे पाहतो तसा, रोखून पाहतो. सापास उघडझांप करणाऱ्या पापण्या नसतात; त्याच्या डोळ्यावर कांचेसारखा एक पारदर्शक खवला बसविलेला असतो. त्यामुळें ती नजर लवत नाहीं. अशी नजर दीड हातावरून अंगावर आली कीं, हा आपल्या डोळ्यांवर नेम धरून बसला आहे असें कोणासही वाटावें. 'डोळे टोंचणारा' हें नांव बहुधा या नजरेंतूनच जन्मलें असावें.

त्याची शिकारीची रीतही या डोळ्यांस साजेशीच आहे. तो दिवसां शिकार करतो. आणि घाई म्हणून कशी ती त्यास ठाऊक नाहीं. तासन्‌तास एका जागीं पडून राहतो, आणि पुढें सरकतो तो थोडें पुढें, थोडें मागें असा झोंके घेत. वाऱ्यानें फांदी हालावी तशीच ही चाल. सरड्याची नजर हालचाल टिपण्यांत तरबेज. पण सारें झाडच हालत असतां त्यांतली एक डहाळी दोन बोटें जवळ आली हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. या वेळीं हरणटोळ कित्येकदां आपली जीभ बाहेर काढून ती न हालवितां तशीच सरळ धरून ठेवतो. इतर साप जीभ सारखी आंत-बाहेर करीत असतात. याची मात्र काडीसारखी ताठ. सरडा टप्प्यांत आला म्हणजे मग एकच झडप! बहुधा मानेजवळ पकड बसते, आणि लागलीच हरणटोळ त्यास फांदीवरून उचलून अधांतरीं धरतो. पायांना आधार नाहीं, नख्यांना साल नाहीं, असा तो सरडा धडपडणार तरी कशाच्या बळावर? हरणटोळाचे विषाचे दांत जबड्याच्या पुढें नसून मागें, डोळ्याच्या खालीं असतात, आणि त्यांना फक्त पन्हळ असते. नाग किंवा घोणस यांच्याप्रमाणें इंजेक्शनच्या सुईसारखे ते पोकळ नसतात. म्हणून भक्ष्य चावून सोडून देणें यास परवडत नाहीं. तें तोंडांत धरून, जबडा पुनःपुन्हां आवळून, विष मुरवावें लागतें. थोड्या वेळानें सरडा ढिला पडतो आणि डोक्याकडून गिळला जातो. सरड्यांखेरीज बेडूक, लहान पक्षी आणि एखादा उंदीरही त्यास चालतो.

झाडावर राहणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. पाय नसतांना एका फांदीवरून दुसरीवर जावयाचें म्हणजे अंगाचा बराच मोठा पुढचा भाग हवेंत निराधार ताठ धरून, मागल्या भागानें फांदी घट्ट पकडून, पलीकडे पोंचावयाचें. म्हणून अंग हलकें आणि दोन्ही बाजूंनीं किंचित् चपटें हवें, शेंपूट लांब हवें. याहूनही एक अडचण आहे, आणि तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. चार-पांच फुटांचा हा साप खोडावर सरळ उभा चढूं लागला म्हणजे त्याच्या अंगांतील रक्त, बाटली उभी केली असतां पाणी खालीं जावें तसें, शेंपटीकडे उतरूं पाहतें. मग डोक्यास रक्त पुरवावयाचें कोणीं? अमेरिकेंतील हार्वे लिलीव्हाइट या प्राणिशास्त्रज्ञानें या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आणि १९८८ सालीं तो सामान्य वाचकांसाठीं मांडला. पाण्यांत राहणाऱ्या समुद्रसापांचें हृदय अंगाच्या मध्याच्या आसपास असतें, कारण पाण्याच्या दाबामुळें त्यांचें रक्त खालीं उतरत नाहीं. झाडांवर चढणाऱ्या सापांचें हृदय डोक्याच्या पुष्कळ जवळ आलेलें असतें, रक्ताचा दाब अधिक असतो, आणि शेंपटीकडची कातडी ताणून बसविलेल्या मोज्यासारखी घट्ट असते. म्हणून तेथें रक्त सांचून राहत नाहीं. समुद्रसापास शेंपटीवर उभा केला तर त्याच्या डोक्यास रक्त पोंचेनासें होतें. झाडावरचा साप त्याच स्थितींत खुशाल असतो.

त्याच्या हिरव्या रंगाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. हा हिरवा रंग एका रंगद्रव्याचा नाहीं. कातडींतील सूक्ष्म स्फटिकांचा एक थर निळा उजेड परत फेंकतो आणि त्यावरचें एक पिवळें द्रव्य त्यांतून हिरवा रंग घडवितें. साप मद्यार्कांत बुडवून ठेवला म्हणजे पिवळें द्रव्य विरघळून जातें, स्फटिक मात्र राहतात. म्हणून पदार्थसंग्रहालयांतल्या बाटल्यांत हरणटोळ निळा दिसतो, आणि त्यावरून त्याची ओळख करून घेणारा विद्यार्थी रानांत निळा साप शोधीत फिरला तर त्यास हंसूं नये.

हरणटोळाची मादी अंडीं घालीत नाहीं. ती पिलेंच प्रसवते. एका वेळीं तीनपासून वीस-बावीसपर्यंत पिलें होतात, आणि जन्मल्या क्षणापासून तीं आपापल्या वाटेनें जातात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८८५ च्या ऑगस्टपासून एकटी ठेवलेली एक मादी १८८८ च्या ऑगस्टांत, म्हणजे नराचें तोंडही न पाहतां तीन वर्षांनीं, व्याली, अशी नोंद आहे. नराचें बीज दीर्घ काळ पोटांत सांठवून ठेवण्याची शक्ति अनेक सापांच्या माद्यांस असते, आणि कांहीं सापांत तर नराविनाही संतति होते, असें पुढें सिद्ध झालें. त्यामुळें ही नोंद आज पूर्वीं इतकी अचाट वाटत नाहीं.

आतां कपाळाचा प्रश्न. हरणटोळ चावतच नाहीं असें म्हणणें खोटें होईल. त्यास डिवचलें किंवा पकडलें तर तो मान फुगवितो. त्या वेळीं हिरव्या खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी उघडी पडून पट्टेरी जाळें दिसूं लागतें. तो जबडा पुरता पसरतो, आणि मग पुढें झेपावतो. त्याचा वास कंबर ते डोकें एवढ्या उंचीच्या झुडपांत असतो. जमिनीवरचा साप चावला तर पायास चावेल, हा चावला तर हातास चावेल, आणि कोणी करवंदें तोडावयास जाळींत डोकें घातलें असेल तर तोंडासही चावेल. यांत नेम धरण्याचा भाग कांहीं नाहीं. जें जवळ तें त्यास लागतें. समजुतींत सत्याचा अंश आहे तो एवढाच. दंशाचा परिणाम म्हणजे जागा दुखणें, सुजणें, थोडी बधिरता किंवा खाज. आणि हें सर्व बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतें. जखम साबणपाण्यानें धुवावी, कसले दोरे बांधूं नयेत, कापाकापी करूं नये. मात्र चावलेला साप हरणटोळच होता याची खात्री नसेल तर वेळ न घालवितां इस्पितळ गांठावें.

ही शेवटची सूचना सहज दिलेली नाहीं. सह्याद्रींत हिरवे साप एकाहून अधिक आहेत. पावसाळ्यांत गवतांतून फिरणारा, जाडसर अंगाचा गवत्या निरुपद्रवी आहे. पण बांबूच्या बेटांत आणि ओढ्याकांठच्या झुडपांत चापडा असतो, आणि त्याचें विष चांगलेंच बाधतें. दंशाची जागा भयंकर सुजते, वेदना असह्य होतात. तेथें इस्पितळावांचून गत्यंतर नाहीं. दोघांतील फरक मात्र शांत नजरेस लागलीच कळतो. चापड्याचें डोकें रुंद, त्रिकोणी, मान बारीक आणि अंग आंखूड व जाड. हरणटोळ आरंभापासून अखेरपर्यंत चाबकाच्या दोरीसारखा. चापड्याची बाहुली उभी, हरणटोळाची आडवी. चापड्याच्या डोळ्यापुढें उष्णता ओळखणारा एक खोल खळगा असतो, हरणटोळाच्या डोळ्यापुढें ती सरळ खांच. अर्थात् बाहुली पाहण्याइतकें जवळ जाण्याचें कारण नाहीं. अंगाच्या बांध्यावरूनच काम भागतें.

हरणटोळाविषयींची भीति कोठें खर्च व्हावयास हवी होती, याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लाख माणसें सर्पदंशानें मृत्यु पावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. हे बळी मुख्यतः जमिनीवरच्या सापांचे होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सापांच्या विषांवर उतारा म्हणून जी लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते, ती बनविण्यांत परळच्या हाफकिन संस्थेनें मोठें काम केलें आहे. त्या चौघांत हरणटोळाचें नांव नाहीं, आणि असण्याचें कारणही नाहीं. रात्रीं अंधारांत अनवाणी परसांत जाणारा मनुष्य दिवसा-उजेडीं मेंदींतल्या हरणटोळास भिऊन कपाळ झांकतो, हें पाहिलें म्हणजे मौज वाटावी कीं वाईट, तेंच कळत नाहीं.

मात्र मागच्या दांतांचे साप सगळेच निरुपद्रवी, असा सरसकट नियम कोणी काढूं नये. त्यास उत्तर आफ्रिकेंत आहे. उष्ण कटिबंधांत जेथें जेथें दाट झुडपें आणि सरडे आहेत, तेथें निसर्गानें हा एकच नमुना वेगवेगळ्या घराण्यांतून पुन्हां पुन्हां घडविला आहे. अमेरिकेच्या रानांत असाच वेलीसारखा, टोंकदार डोक्याचा हिरवा साप आहे. त्याची बाहुली मात्र वाटोळी. आफ्रिकेंतील डहाळी-सापाची बाहुली तर हुबेहूब हरणटोळासारखी, आडव्या किल्लीच्या भोंकाची. डोळ्यापुढची खांचही तशीच. पण विष? जर्मनींतील विख्यात सर्पशास्त्रज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स यांस १९७५ सालीं त्यांनीं स्वतः पाळलेला असाच एक आफ्रिकी साप चावला. त्याच्या विषावर उतारा नव्हता, आजही नाहीं. कांहीं दिवसांनीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, ते वारले. डोळे सारखे म्हणून स्वभावही सारखे, असें प्राणिसृष्टींत चालत नाहीं.

खुद्द हरणटोळाच्या घरांतही अलीकडे वांटण्या झाल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी ग्रंथांत 'ड्रायोफिस मिक्टेरिझान्स' या लांबलचक नांवाखालीं लंकेपासून सह्याद्रीपर्यंतचे सर्व हिरवे हरणटोळ एका पंगतीस बसविलेले असत. २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं त्यांचे खवले मोजले, कवट्या तपासल्या, आनुवंशिक द्रव्याची तुलना केली, आणि दिसावयास जवळजवळ सारख्या अशा अनेक निराळ्या जाती त्यांत सांपडल्या. लासेपेदचें 'नासूता' हें नांव आतां फक्त लंकेच्या सापाकडे राहिलें. द्वीपकल्पाच्या सखल प्रदेशांतील लांब नाकाच्या सापास १८२५ सालचें जुनें नांव परत मिळालें. उत्तर सह्याद्रींत, म्हणजे महाराष्ट्र व गोमंतक यांच्या घाटांत, आढळणाऱ्या सापास 'बोरिॲलिस', म्हणजे उत्तरेकडचा, असें नवें नांव पडलें. त्याआधीं एकच वर्ष, २०१९ सालीं, सह्याद्रीच्या दक्षिण टोंकास अगस्त्यमलै डोंगरांत या घराण्याचा एक दूरचा चुलता सांपडला होता. त्याची शाखा सुमारें अडीच कोटी वर्षांपूर्वीं इतरांपासून निराळी झाली असावी असा हिशेब आहे. पश्चिम घाटांतल्या एकेका डोंगररांगेनें आपला हरणटोळ निरनिराळा घडविला, आणि तो दोनशें वर्षें सर्वांच्या डोळ्यांदेखत राहूनही ओळखूं आला नाहीं.

मेंदीच्या कुंपणांतला माळी अर्थात् या वांटण्यांशीं बांधलेला नाहीं. त्यानें कोयता चालविण्यापूर्वीं लांब काठीनें कुंपण हलकेंच हालवावें, म्हणजे हिरव्यांतलें हिरवें वेगळें दिसूं लागतें. काठीनें त्या सापास खालीं पाडण्याचा खटाटोप करूं नये; त्याची बाजू सोडून दुसरी बाजू आधीं छाटण्यास घ्यावी. तो पळणार नाहीं, फुत्कार टाकीत अंगावर येणार नाहीं. थोडा वेळ जीभ ताठ धरून समोर पाहत राहील; मग एक बोट पुढें, अर्धें बोट मागें असा झोंके घेत शेजारच्या कण्हेरीकडे अंग लांबवील, आणि शेंपटीचा शेवटचा वेढा सोडून पलीकडे जाईल. यास पाव तास लागतो, कधीं अर्धा. माळ्यानें तेवढ्यांत बिडी ओढून घ्यावी.